सहा मीटरची गल्ली आणि काँक्रीटच्या गाड्या: शेजारच्या बांधकामाबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या दोन-तीन महिन्यांतली पत्रं एकत्र वाचली तर लगेच लक्षात येतं, ज्यांची बिल्डिंग पाडून नवीन होतेय त्यांच्यापेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. आणि बहुतेकांची तक्रार इमारतीबद्दल नाहीच, ती आहे रस्त्याबद्दल, म्हणजे ट्रक कुठून येणार, किती वाजता येणार, आमची गाडी कशी निघणार, फुटलेलं गटार कोण दुरुस्त करणार. मी स्वतः सिव्हिलची, बावीस वर्षं साइटवर काढली, त्यामुळे या गाड्या मी आत घेतलेल्या पण आहेत आणि आता आमच्याच गल्लीत त्या येतात तेव्हा खिडकीतून बघते पण. दोन्ही बाजू माहीत आहेत म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही कोथरूडला एका बंद गल्लीत राहतो, गल्ली सहा मीटरची, आठ सोसायट्या आहेत. टोकाची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, पार्किंगवर सहा मजले होणार आहेत. रात्री अकरा-साडेअकराला मिक्सर येतात, रिव्हर्स घेताना तो हॉर्न वाजत राहतो, मग पंप सुरू होतो तो पहाटेपर्यंत. मागच्या आठवड्यात सासऱ्यांना श्वासाचा त्रास झाला, १०८ ला फोन केला, अँब्युलन्स वेळेत आली पण गल्लीच्या तोंडाशी अडकली कारण आत मिक्सर उभा. शेवटी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. आता ते बरे आहेत. पण गल्लीतल्या सगळ्यांनी ठरवलंय की तोंडाला लोखंडी गेट लावायचं आणि ट्रक बंद करायचे. लावता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ताई, सासरे बरे आहेत हे वाचून खरंच बरं वाटलं. खुर्चीतून उचलून न्यावं लागणं ही साधी गोष्ट नाही, तुमचा राग मला पूर्ण कळतो. पण गेट लावू नका. गल्ली महापालिकेच्या ताब्यात असेल तर तो सार्वजनिक रस्ता झाला, तिथे कुणालाच गेट लावता येत नाही, आणि ले-आउटमधला खाजगी रस्ता असेल तरी त्यावर टोकाच्या सोसायटीचाही तुमच्याइतकाच हक्क आहे. शिवाय पुढच्या वेळी रात्री अँब्युलन्स आली आणि चावी ज्याच्याकडे आहे तो गावाला गेलेला असला तर? ज्या कारणासाठी गेट लावायचं म्हणताय तेच आणखी बिघडेल.

आधी गल्लीत एक टेप घेऊन उतरा. सहा मीटर म्हणजे जेमतेम वीस फूट. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतील तर एक गाडी भिंतीपासूनची फट धरून एक मीटर ऐंशी सेंटिमीटर तरी खाते, दोन बाजूंच्या मिळून तीन मीटर साठ. मध्ये उरले दोन मीटर चाळीस. आणि मिक्सर असतो साधारण अडीच मीटर रुंद, आरसे सोडून. म्हणजे दोन्ही बाजूंना पार्किंग असताना तो तुमच्या गल्लीत बसतच नाही, ड्रायव्हर कसाबसा इंच-इंच घालतो, म्हणून एकेका गाडीला अर्धा अर्धा तास लागतो आणि म्हणून गल्ली अडते. हे आकडे कागदावर लिहून घ्या, पुढे बोलताना लागतील.

आता तो रात्रीच का येतो. शहरात दिवसा गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना ट्रॅफिक पोलिसांची बंदी असते, आणि तयार काँक्रीट प्लांटवरून निघालं की साधारण दोन तासांत ओतायला लागतं, वाटेत अडकलं तर ते घट्ट व्हायला लागतं. एका मजल्याचा स्लॅब समजा चारशे चौरस मीटरचा धरला, सहा इंच जाडीचा, तर नुसत्या स्लॅबलाच साठ घनमीटर काँक्रीट, बीम धरून नव्वदपर्यंत जातं. एका मिक्सरमध्ये येतं साधारण सहा घनमीटर. म्हणजे एका स्लॅबला पंधरा गाड्या. आणि स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, जुनं काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याला नवीन नीट धरत नाही, त्याला आम्ही कोल्ड जॉइंट म्हणतो, तिथून पुढे गळती होते. त्यामुळे एकदा सुरू केलं की संपेपर्यंत चालवावं लागतं हे बिल्डरचं म्हणणं खरं आहे. पण रात्री अकरालाच सुरू करायला लागतं हे मात्र खरं नाही. एक गाडी खाली व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास, पंधरा गाड्यांना जास्तीत जास्त साडेसात-आठ तास. सकाळी साडेसहाला पहिली गाडी उभी केली तर तीन वाजेपर्यंत स्लॅब संपतो. मधल्या बंदीच्या तासांसाठी ट्रॅफिक शाखेकडे परवानगीचा अर्ज करता येतो, तो बिल्डरने करायचा असतो, आणि खूप जण करत नाहीत कारण रात्री कुणी अडवत नाही.

आणि तुम्ही अडवू शकता, नियम तुमच्या बाजूने आहे. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे केंद्राचे नियम आहेत, त्यात रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि राहत्या वस्तीत या वेळात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायचीच नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. पंप, व्हायब्रेटर, ब्रेकर सगळं त्यात आलं. अगदी गाडीचा हॉर्नसुद्धा रात्री राहत्या भागात इमर्जन्सीशिवाय वाजवायचा नाही. रात्री दहानंतर पंप चालू झाला की ११२ ला फोन करा, आणि सकाळी पोलीस चौकीत लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, हे पोच घेणं कृपा करून विसरू नका.

पण ताई, नुसती तक्रार करून थांबलात तर काम दोन दिवस बंद होईल आणि मग परत सुरू होईल. त्यापेक्षा आठही सोसायट्यांनी मिळून एक पत्र बिल्डरला, त्याची प्रत टोकाच्या सोसायटीच्या चेअरमनना आणि क्षेत्रीय कार्यालयाला द्या. त्यात काम थांबवा असं लिहू नका, कारण मंजुरी असलेलं काम तुमच्या पत्राने थांबणार नाही. मागणी अशी करा की तिचं उत्तर हो किंवा नाहीच द्यावं लागेल. स्लॅबची तारीख दोन दिवस आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावी. गल्लीत एका वेळी एकच मिक्सर, बाकीच्या गाड्या मेन रोडला जिथे ट्रॅफिकवाले सांगतील तिथे थांबतील. दोन्ही टोकांना शिट्टी आणि झेंडा घेऊन एकेक माणूस, त्याचं नाव आणि नंबर गल्लीत सगळ्यांकडे. अँब्युलन्स किंवा बंब आला तर मिक्सर लगेच बाहेर काढायचा, पंपाचा होज, म्हणजे पाइप, काढायला किती वेळ लागतो ते विचारून घ्या, पाच मिनिटांच्या वर लागू नये. आणि काम संपल्यावर रस्ता आणि चेंबर जसे होते तसे करून देणार हे लेखी.

आणि यात तुमच्या बाजूचं पण एक काम आहे, ते टाळून चालणार नाही. वर जो अडीच मीटरचा हिशेब केला त्यावरून दिसतंच की स्लॅबच्या दिवशी एका बाजूच्या गाड्या हलवल्याशिवाय मिक्सर नीट आत जाणार नाही. तर महिन्यातून दोन दिवस एका बाजूच्या गाड्या हलवायच्या आणि त्या लावायला जवळची मोकळी जागा बिल्डरने भाड्याने घेऊन द्यायची असं ठरवा. सहा मजल्यांचे वरचा धरून सात स्लॅब, म्हणजे हा त्रास मोजून काही दिवसांचा आहे.

एक शेवटचं. नगररचनेचे एकत्रित नियम डिसेंबर २०२० पासून लागू झाले, त्यात किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, नऊ मीटरच्या खाली असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) वगैरे मिळत नाही. तेव्हा मंजूर नकाशात तुमची गल्ली किती रुंद दाखवलीय ते एकदा बघून घ्या. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकलं तर बरेचदा नकाशा आणि बांधकाम परवानगी तिथेच मिळते, नाहीतर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. रुंदीकरण दाखवलं असेल तर तुमच्या सोसायटीची पण कंपाउंड वॉल मागे जाणार का हे आत्ताच कळलेलं बरं.

प्रश्न: आमची सोसायटी डोंबिवलीला. मागच्या प्लॉटवर मोठा प्रोजेक्ट येतोय, त्यांचा रस्ता लांबून फिरून आहे म्हणून बिल्डर म्हणतोय तुमच्या कंपाउंडमधून दीड वर्ष गाड्या नेऊ द्या, महिन्याला भाडं देतो आणि वर तुमचा ड्राइव्ह-वे काँक्रीटचा करून देतो. सेक्रेटरी तयार आहेत, म्हणतात फुकटात रस्ता होतोय. मला धाकधूक वाटतेय. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: दादा, धाकधूक वाटतेय ते योग्यच आहे.

पहिलं म्हणजे ड्राइव्ह-वेच्या खाली काय आहे ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांची जमिनीखालची पाण्याची टाकी बरोबर गेटमधून आत आल्यावर असते, वर तो लोखंडी झाकणाचा चौकोन दिसतो ना, तिथे. त्या टाकीचा स्लॅब कार आणि फार तर पाण्याचा टँकर धरून केलेला असतो. भरलेला मिक्सर पंचवीस टनांच्या आसपास जातो, कारण नुसतं काँक्रीटच चौदा-साडेचौदा टन. मी एका साइटवर अशी टाकी खचलेली बघितलीय, मागचं चाक आत, आणि चाळीस घरांना आठ दिवस टँकरचं पाणी. तेव्हा ड्रेनेजची चेंबरं, टाकी, केबल सगळ्याचा नकाशा काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आधी घ्या, त्याची फी बिल्डरने भरायची.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही जी परवानगी देताय ती कायद्याच्या भाषेत लायसन्स होते, हक्क नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे (ईझमेंट अॅक्ट, दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराबद्दलचा) लायसन्स देणारा ते मागे घेऊ शकतो. पण कलम ६० मध्ये दोन अपवाद आहेत, त्यातला एक असा की लायसन्सच्या भरवशावर समोरच्याने स्वतःच्या खर्चाने पक्कं काम केलं असेल तर मग ते मागे घेता येत नाही. आता तो फुकटचा काँक्रीटचा रस्ता आठवा. बिल्डरच्या मनात काही वाईट असेलच असं मी म्हणत नाही, पण उद्या तो म्हणू शकतो की मी एवढा खर्च केलाय, रस्ता आता चालूच राहील, आणि मागच्या प्रोजेक्टमधले दोनशे फ्लॅटवाले तुमच्या गेटमधून जायला लागतील. म्हणून रस्ता करायचाच असेल तर तो सोसायटीने, सोसायटीच्या पैशातून, काम संपल्यावर करायचा. बिल्डरने हवं तर भाडं वाढवून द्यावं. तोपर्यंत खडी आणि वर लोखंडी प्लेटा, ज्या शेवटी उचलून नेता येतात.

आणि हा निर्णय सेक्रेटरींचा नाही, कमिटीचाही नाही, तो जनरल बॉडीत जायला पाहिजे, विषयपत्रिकेत स्पष्ट लिहून. करारात शेवटची तारीख, वेळ, गाडीचं जास्तीत जास्त वजन, डिपॉझिट आणि सुरू व्हायच्या आधी दोघांनी मिळून काढलेले फोटो. मुलं खाली खेळतात ती वेळ, साधारण पाच ते आठ, पूर्ण बंद. हे शेवटचं मान्य नसेल तर माझ्या मते बाकी काही बोलायचीच गरज नाही.

प्रश्न: नाशिकजवळ आमची चार एकर द्राक्षबाग आहे. बागेला जायला शेजारच्याच्या बांधावरून बैलगाडीची वाट, आजोबांपासून वापरतोय. शेजाऱ्याच्या पोरांनी जमीन विकली, आता तिथे बंगलो प्लॉटिंग चाललंय. ते म्हणतात ही वाट आता स्कीमचा रस्ता आहे, गेट लावलंय, वॉचमन आमचा पिकअप अडवून नाव विचारतो. उलट आमच्या दुसऱ्या बांधावरून त्यांचे मुरमाचे हायवा बिनधास्त जातात, तिथूनही पूर्वी फक्त त्यांची बैलगाडी जायची. (एक शेतकरी वाचक)

उत्तर: काका, तुमचे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते तलाठ्याकडे बोलताना एकत्र करू नका, नाहीतर गोंधळ होतो.

तुमची वाट अडवली त्याबद्दल तहसीलदारांकडे जा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, त्यात शेताला जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. गेट कधी लागलं ती तारीख आठवा, फोनमधला फोटो असेल तर उत्तम, आणि आज उद्या करू नका, द्राक्षाच्या छाटणीत हे सहा महिने कसे जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गाव नकाशा काढून बघा, वाट त्यावर दोन तुटक रेषांनी दाखवली असेल तर तो गाडीरस्ता आहे, मग काम आणखी सोपं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद आहे का तेही बघा. नकाशावर काहीच नसलं तरी घाबरू नका, वीस वर्षांपेक्षा जास्त काळ उघडपणे, विनाअडथळा वापरलेली वाट हा हक्क होतो आणि जमीन विकली म्हणून तो संपत नाही, विकत घेणाऱ्याला जमीन त्या ओझ्यासकट घ्यावी लागते.

आता त्यांचे हायवा. बैलगाडीपुरता जो हक्क होता तो शेतासाठी होता. सुविधाधिकार कायद्याचं कलम २९ सांगतं की आपल्या जमिनीत बदल करून किंवा भर घालून दुसऱ्याच्या जमिनीवरचं ओझं मोठ्या प्रमाणात वाढवता येत नाही. शेताच्या जागी साठ प्लॉटची स्कीम आली आणि बैलगाडीच्या जागी मुरमाचा डंपर, याला ओझं वाढणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं. याची दाद दिवाणी कोर्टात मागावी लागते, तिथे मनाई हुकूम मिळू शकतो. आणि त्याच वेळी ज्या ऑफिसने ले-आउट मंजूर केलाय तिथे लेखी विचारा की स्कीमला जायचा रस्ता म्हणून नकाशात कुठला रस्ता दाखवलाय. तुमचाच बांध तिथे रस्ता म्हणून काढलेला असेल तर लगेच हरकत नोंदवा. मला विचाराल तर हे सगळ्यात आधी करा, कारण प्लॉट विकले गेल्यावर समोर बिल्डर नसतो, साठ कुटुंबं असतात, आणि त्यांनी पैसे भरलेले असतात, मग त्यांच्याशी भांडणं तुम्हालाही नको वाटेल.

प्रश्न: मी उलट बाजूची आहे. आमची सोसायटी ठाण्यात, पंचेचाळीस वर्षं जुनी, धोकादायक म्हणून रिकामी केली, आता रिडेव्हलपमेंट चालू आहे. आम्ही सगळे भाड्याने बाहेर. शेजारच्या दोन सोसायट्यांचे लोक मुद्दाम गेटसमोर गाड्या लावतात, ट्रक आला की खुर्च्या टाकून बसतात. एक एक दिवस काम लांबतं तसं आमचं घरी परतणं लांबतं. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, ती रोज विचारते घर कधी. पोलिसांत जाऊ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आईंचा तो प्रश्न मनातून जात नाही.

पोलिसांत जाता येतं, हो. सार्वजनिक रस्ता अडवणं आणि माणसाला त्याच्या हक्काच्या वाटेने जाऊ न देणं हे दोन्ही भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत, कलम २८५ आणि १२६. पण ते शेवटी ठेवा, कारण याच लोकांच्या शेजारी तुम्हाला पुढची तीस वर्षं राहायचंय. आधी एक विचारते, तुमच्या सोसायटीतून कुणी त्यांना भेटायला गेलं होतं का? बिल्डरचा सुपरवायझर नाही, तुम्ही. बहुतेक ठिकाणी मी बघितलंय की शेजाऱ्यांना काम सुरू झाल्याचं पहिल्यांदा कळतं ते पहाटे ब्रेकरच्या आवाजाने. आणि मग ते ज्याच्यावर चिडतात तो बिल्डर त्यांना कधी भेटतच नाही, गेटवर असतो एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा ज्याच्या हातात काहीच नसतं.

तर तुम्ही चार-पाच जण, शक्य असेल तर आईंना पण घेऊन, त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी जा. त्यांचं ऐकून घ्या. त्यांना नक्की काय त्रास होतोय ते लिहून आणा, दहा तक्रारी असतील तर त्यातल्या सहा-सात अशा निघतील की त्या दोन दिवसांत मिटतात. पाण्याची लाइन फुटली, वाळूचा ढीग पार्किंगवर आला, मजूर त्यांच्या भिंतीशी लघवीला बसतात (हे खूप ठिकाणी असतं, आणि यात मजुरांची काही चूक नाही, साइटवर संडास-मुतारी देणं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बंधनकारक आहे, ती आहे का आणि पाणी येतं का ते तुम्ही सभासदांनी जाऊन बघा). मग बिल्डरला सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा की एवढं एवढं अमुक तारखेपर्यंत करा. तुमचा त्याच्याशी करार आहे, शेजाऱ्यांचा नाही, त्यामुळे दबाव तुमच्याच पत्राचा पडतो. रिडेव्हलपमेंटचा करार करताना गाड्यांच्या वेळा आणि शेजाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई हे मुद्दे घालायचे असतात, पण त्या वेळी सगळे कार्पेट एरिया आणि भाडं यातच अडकलेले असतात, ज्यांचा करार अजून व्हायचाय त्यांनी हे आत्ताच घालून घ्यावं.

एवढं करूनही खुर्च्या टाकून बसले, तर मग ट्रॅफिक पोलीस आणि चौकी, फोटो-तारखांसह. तेव्हा तुमच्याकडे दाखवायला भेटीची तारीख आणि पत्रं असतील, आणि त्याने फरक पडतो.

प्रश्न: साताऱ्याला आमचं ३२ वर्षं जुनं घर, शेजारी बेसमेंटसाठी काळा दगड फोडतायत, भिंतीला तडे गेलेत. त्यांचा इंजिनिअर म्हणतो तडे जुनेच आहेत.

उत्तर: आजच्या आज सगळ्या तड्यांचे फोटो काढा, शेजारी पट्टी आणि त्या दिवसाचा पेपर धरून. मग काचेची एक पातळ पट्टी घ्या, बोटाएवढी, तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहा. तडा जुना आणि शांत असेल तर काच महिनोन्‌महिने तशीच राहते, भिंत हलत असेल तर काच फुटते. मग जुना की नवा यावर वाद घालायची वेळच येत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके जाणारे आणि रुंद होणारे तडे असतील तर वाट बघू नका, स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि नगरपालिकेला लेखी कळवून खोदाई थांबवायची मागणी करा, इथे मात्र थांबवाच म्हणा, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. खड्ड्याच्या तुमच्या बाजूला मातीला आधार म्हणून काही केलंय का हे विचारा. वीस वर्षांहून जास्त काळ उभ्या असलेल्या घराला शेजारच्या जमिनीचा आधार मिळत राहणं हा कायद्याने हक्क आहे, तुमचं तर ३२ वर्षांचं आहे. बिल्डरकडे कामाचा विमा असतो, त्यात बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या नुकसानीचा भाग असतो, त्याची प्रत मागा. ज्यांच्या शेजारी खोदाई अजून सुरू व्हायचीय त्यांनी आधीच दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांसमोर घराची पाहणी करून सह्या घेऊन ठेवा, एका दुपारचं काम आहे.

प्रश्न: चेंबूरला राहते. समोरच्या साइटवरून डंपर निघतात, चाकांची माती रस्ताभर, सुकली की धूळ, मुलाला दमा आहे. कुणाला सांगायचं?

उत्तर: वॉर्ड ऑफिसला. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीबद्दल साइटसाठी सूचना काढल्यात. बाहेर पडायच्या गेटवर चाकं धुवायची सोय, राडारोडा नेणारी गाडी झाकलेली, पाणी मारणं, आणि साइटभोवती पत्रे, एक एकरापेक्षा लहान साइटला २५ फूट, मोठीला ३५ फूट उंच. तुम्ही गेटसमोर उभं राहून तीन दिवस एकाच वेळी एकेक छोटा व्हिडिओ काढा, चाक आणि नंबर प्लेट एकाच चौकटीत येईल असा, आणि तक्रारीत या सूचनांचा उल्लेख करून कुठली गोष्ट नाहीये तेवढंच लिहा. धूळ फार आहे असं लिहिलं तर पाणी मारून जातात, चाकं धुवायची सोय नाही असं लिहिलं तर इन्स्पेक्टरला जागेवर येऊन ती आहे की नाही हे बघावं लागतं. मुलाच्या डॉक्टरांचं पत्र सोबत जोडा. आणि साइटच्या इंजिनिअरला पण एकदा भेटा, मुलाची शाळेत जायची-यायची वेळ सांगा, त्या अर्ध्या तासात डंपर काढू नका एवढं मागा. मी साइटवर असताना एका आईने मला येऊन हेच सांगितलं होतं, बारा चाळीसची शाळा होती. पुढचे चौदा महिने आम्ही साडेबारा ते एक गेट बंद ठेवायचो, ड्रायव्हर त्या वेळात जेवून घ्यायचे.